शीतलचं पथ्य, माझं ताट

जी गोष्ट आजवर कुणालाच सांगितली नाही ती आधी सांगून टाकतो. नाहीतर बाकीचं सगळं लिहून होईल आणि तेवढीच राहून जाईल. माझा स्वभाव मला ठाऊक आहे.

माझ्या मुलीला, शीतलला, पीसीओडी आहे हे ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी बीडच्या डॉक्टरबाईंनी मला एकट्याला थांबवून घेतलं. शीतल आणि तिची आई सुमन बाहेर बाकावर बसल्या होत्या. बाईंनी विचारलं, घरात साखर कुणाला आहे? मी म्हणालो, मला. वडिलांना होती. थोरल्या चुलत्यांचा पाय त्यातच गेला. बाईंनी मान हलवली.

"मग हे बहुतेक तुमच्याच बाजूनं आलंय. साखरेच्या नात्यातलंच दुखणं आहे हे. तुम्ही पथ्य पाळता ना? तेच तिला लावा. गोळ्या मी देते, पण जेवण आणि चालणं हेच खरं औषध."

परतीच्या एसटीत सुमननं विचारलं, काय म्हणाल्या बाई? मी खिडकीबाहेर बघत म्हणालो, "बायकांच्या अंगातलं असतंय असलं. आईकडनं येतं."

एवढंच बोललो. सुमननं पदर सारखा केला. आपल्या माहेरात कुणाला काय होतं, कुणाला मूल उशिरा झालं, हे ती मनात शोधत बसली असणार. शोधलं की सापडतंच काहीतरी. तिलाही सापडलं.

*

मी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक आहे. लोक डॉक्टर म्हणतात, मी म्हणू देतो. धारूरच्या डोंगरपट्ट्यातल्या वाड्या-वस्त्यांवर मोटरसायकलनं फिरायचं आणि गाई-म्हशी तपासायच्या, हे माझं काम. आमचं घराणं मेंढरं राखणारं, त्यामुळे जनावर मला कुठल्या पुस्तकातून शिकावं लागलं नाही. खांद्यापर्यंत हातमोजा चढवून हात आत घातला की म्हशीचं अंडाशय बोटाला लागतं. त्यावर गाठी आहेत का, ती माजावर का येत नाही, हे मी हात बाहेर काढायच्या आत सांगतो. आणि मालकाला खडसावून सांगतो, चार माणसांत, त्याच्या लेकी-सुनांच्या देखत. "साखर कारखाना चालू झाला की नुसतं उसाच्या शेंड्यांचं वाढं टाकतो बे तिच्यापुढं. कशी माजावर यील ती? इंजेक्शन मागनं बघू. आधी खुराक बदल."

आधी खुराक बदल. निम्मी नोकरी मी हेच वाक्य बोलत काढली.

घरात मात्र पाळी हा शब्द माझ्या तोंडून कधी निघाला नव्हता. आमच्याकडे बायका महिन्याला बाजूला बसतात. देवाला शिवत नाहीत, लोणच्याच्या बरणीला हात लावत नाहीत. शीतल महिनोन्महिने बाजूला बसलेली नाही हे मला दिसत होतं. घरातल्या पुरुषाला हे दिसतं. न दिसल्याचं सोंग करायला त्याला लहानपणीच शिकवलेलं असतं. तिची मान काळवंडत चालली तेही दिसलं. हनुवटीवर राठ केस आले तेही दिसलं. एका लग्नात एका बाईनं तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि म्हणाली, "अगं, तू पोरगी हायस का पोरगा?" बायका हसल्या. शीतलही हसली. मी शेजारच्या पंगतीत होतो. मी वाढप्याला भाजी मागितली.

त्या बाईचा राग मला अजून येतो. पण तिला निदान तोंड होतं.

*

आता ताटाबद्दल.

मला साखर निघाली तेव्हा शीतल शाळेत होती. त्या आठवड्यात घराचं रूप पालटलं. माझा बिनसाखरेचा चहा वेगळ्या पातेल्यात होऊ लागला. ज्वारीची पातळ भाकरी, पालेभाजी, मोड आलेली मटकी, चिरलेली काकडी, वाटीभर ताक. दुपारी बाराच्या आत जेवण, संध्याकाळी दिवेलागणीला जेवण. पंगतीत सुमन वाढप्याला लांबूनच सांगायची, ह्यांना गोड वाढू नका. ह्याला कुणी नखरे म्हटलं नाही. उलट पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे, भाऊचं पथ्य लई कडक हाय.

माझं ताट कोण करत होतं? सुमनचे गुडघे धरल्यापासून शीतल. भाकऱ्या तिनं थापायच्या, काकडी तिनं चिरायची, मटकीला मोड तिनं आणायचे. मग मी जेवायचो, कुणी आलं-गेलं असलं तर तेही. मग सुमन. शेवटी शीतल. तोवर उसळ संपलेली असायची. उरायचा भात. तो तेल-मिरचीवर परतून ती खायची, नाहीतर गोड चहात टोस्ट बुडवून वेळ मारून न्यायची. रविवारी मटण झालं तर फोडी आमच्या ताटात आणि बायकांच्या वाट्याला रस्सा. अन् लोक म्हणायचे, पोरगी काय खाती की, अंगानं सुटत चाललीय.

डॉक्टरबाईंनी सांगितलेलं पथ्य आमच्या घरात रोज शिजत होतं. शीतलच शिजवत होती. फक्त ते तिच्या ताटात येत नव्हतं.

बीडहून आल्यावर तिनं प्रयत्न केला. भात सोडला, स्वतःसाठी वाटीभर उसळ बाजूला काढायला लागली. सुमन म्हणाली, मग हा भात कोण संपवील? माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, परळीहून आली होती. ती म्हणाली, "डायटिंग करती का गं? पिक्चरमधी जायचंय?" सगळे हसले. मी काकडी खात होतो.

एकच वाक्य बोलायचं होतं. तिलाही माझंच वाढा. पण ते बोललो असतो तर कुणीतरी विचारलं असतं, तुझंच कावून? साखरेचं पथ्य पोरीला कशाला? आणि मग उत्तर द्यावं लागलं असतं. माझी पोर उपाशी राहिली ती ह्या एका उत्तरापायी. गरिबी नव्हती, अडाणीपणा नव्हता. असता तर निदान सांगायला तोंड राहिलं असतं.

*

आक्कानं तिच्यापरीनं उपाय काढला. वैजनाथाचे सोळा सोमवार. पाळी सुरळीत होईल, वजन उतरेल, आणि स्थळ चालून येईल. परळीतच राहत असल्यामुळे वैजनाथ म्हणजे आक्काला घरातला माणूस. तिनं अट सांगितली, एकही सोमवार मोडायचा नाही. मोडला तर पुन्हा पहिल्यापासून.

दिवसभर पोट रिकामं आणि संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, केळी, वर दोन-तीनदा साखर घातलेला चहा. ज्या पोरीला साखर आणि पिठूळ पदार्थ कमी कर म्हणून सांगितलंय, तिचा हा उपास. सोमवाराला जोडून गुरुवार आला, चतुर्थी आली.

मला साबुदाणा चालत नाही. एकादशीला माझ्यासाठी भाकरी होते. ते देवाला चालतं. ह्यावर आमच्या घरात कधी चर्चासुद्धा झाली नाही. देवानं मला सूट दिली होती, आणि माझ्याच आजाराची दुसरी फांदी जिच्या अंगात वाढत होती तिला मात्र देवाच्या नावानं खिचडीची ताटली. मला समजत होतं. म्हशीपुढं नुसतं वाढं टाकणारा जो माणूस मी रोज फैलावर घेत होतो, तो मीच होतो.

*

श्रावणातला सोमवार होता. सुमन, शीतल आणि आक्का वैजनाथाच्या दर्शनाला गेल्या होत्या. मी पायऱ्यांखाली चपला सांभाळत होतो. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, पोरगी पडली. मी वर गेलो तेव्हा शीतल पायरीवर आडवी होती, ओठ पांढरे, आणि साडीला मागून रक्त लागलेलं.

कित्येक महिने न आलेली पाळी आदल्या आठवड्यात आली होती आणि थांबतच नव्हती. तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बाजूला बसावं लागलं असतं, देवळात जाता आलं नसतं, सोमवार मोडला असता आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून. म्हणून रक्त जात असताना, पोटात साबुदाणा घालून, ती घरातलं सगळं करत राहिली आणि देवळाची पायरी चढली.

आक्काच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: "विटाळ घेऊन चढली गं तू."

माझ्या डोक्यात ते वाक्य अजून खिळ्यासारखं आहे. आक्का वाईट बाई नाही. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. पण त्या क्षणी तिला पोर दिसली नाही, पायरी दिसली. मी शीतलला उचललं. ती हलकी लागली. जिला सगळे जाड म्हणत होते ती पोर माझ्या हातात हलकी लागली.

*

अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यात दाखल केलं. रक्त चढवावं लागलं. बायकांचा वॉर्ड, त्यामुळे मी बराच वेळ व्हरांड्यात. सकाळी फरशी पुसणारी बाई सगळ्या नातेवाइकांना हाकलायची, मग डॉक्टरांचा राउंड, मग औषधाच्या दुकानासमोर रांग, मग डबा. संध्याकाळी परत तेच. खाटेखाली सतरंजी टाकून सुमन झोपायची. आजारी माणसाच्या घरचे दवाखान्यात कसे एकमेकांशी गोड वागतात आणि जिन्यात गेले की भांडतात, ते मी तिथं पाहिलं. आम्ही भांडलो नाही. भांडायला दोघांनी बोलावं लागतं.

शेजारच्या खाटेवर धारूरकडच्याच एक आजी होत्या. त्यांचा मुलगा रोज उकडलेली अंडी आणायचा. त्यांनी एक अंडं सोलून शीतलपुढं धरलं. सुमन म्हणाली, मावशी, श्रावण हाय. आजी म्हणाल्या, "श्रावण देवाचा हाय, अंडं कोंबडीचं हाय. खा गं बाई तू." शीतलनं खाल्लं. नर्स हसली आणि म्हणाली, आजीबाईंची ड्यूटी लावा आता इथंच. त्या दवाखान्यातली तेवढीच एक गोष्ट मला आनंदानं आठवते.

राउंडला आलेल्या डॉक्टरबाईंनी सुमनला विचारलं, काय खाते ही? सुमन म्हणाली, घरात असतं ते समदं खाती की. शीतल डोळे मिटून पडली होती. ती तशीच म्हणाली, "उरलेलं खाते."

त्याच दुपारी आक्का डबा घेऊन आली. पायरीवरच्या वाक्याची तिला लाज वाटली असावी. आणि लाज वाटलेलं माणूस दुसऱ्यावर धावून जातं, हे मी माझ्यावरून सांगतो. ती खाटेच्या पायथ्याशी उभी राहून सुमनला म्हणाली, "तुझ्याच अंगातलं हाय हे. भाऊलाच सांगितलंय बीडच्या बाईनं. आमच्या घराण्यात न्हवतं कवा असलं."

सुमननं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिला वाटत होतं, आक्का खरं बोलतेय. माझ्या खिशात माझ्या साखरेच्या गोळ्या होत्या. जेवणाआधीची घ्यायची राहिली होती. मी बाहेर जाऊन ती घेतली. पाणी प्यालो. आणि परत आलो नाही, व्हरांड्यात बसून राहिलो.

मी माझ्यावर जितका चिडलोय तितका आयुष्यात कुणावर चिडलो नाही. तो राग ओरडून जात नाही. ओरडलो तर कारण सांगावं लागतं.

*

घरी आल्यावर पहिल्याच दुपारी शीतलनं भाकऱ्या थापल्या नाहीत. सुमननं थापल्या. मी जेवायला बसलो तेव्हा शीतल एक ताट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. माझ्याच वेळेला, माझ्याच पाटाशेजारी. तिनं माझ्या वाटीतली अर्धी उसळ स्वतःच्या वाटीत ओतून घेतली.

"आप्पा, आजपासून तुमचं ताट तेच माझं ताट. जमत नसंल तर आत्ता सांगा, मी अंबाजोगाईला होस्टेल बघते."

सुमन हातात परात धरून उभी होती. मी म्हणालो, "बस." शीतल आधीच बसली होती. माझ्याकडून तेवढंच झालं.

संध्याकाळी मी आक्काला फोन करून सांगितलं, सोमवार बंद. ती म्हणाली, मग काही बरं-वाईट झालं तर माझ्याकडं येऊ नको. मी म्हणालो, बरं. ती बरेच महिने आली नाही.

पुढचं मी कौतुकानं सांगणार नाही, कारण ज्यांच्या घरी हे सुरू होणार आहे त्यांना खोटी आशा नको. पथ्यानं चमत्कार झाला नाही. पहिले कित्येक आठवडे काहीच दिसलं नाही. शीतल चिडचिडी झाली, एकदा तिनं ताट ढकललं आणि गुलाबजामची वाटी एकटीनं संपवली, आणि मग रडली. लोकांनी मोबाइलवर उपाय पाठवले. कारल्याचा रस, कसला तरी काढा, कुठलीशी पुडी. कुणाच्या घरी गेलं की चहा. नको म्हटलं की त्यांना राग. एवढीशी साखर काय करती गं? मी एका घरात पोरीचा कप उचलून मोरीत ओतला. ते लोक आता बोलवत नाहीत. बरंच झालं.

पण भाकरी-उसळ-भाजी-अंडं, वेळेवर जेवण, बाईंच्या गोळ्या आणि रोजचं चालणं, ह्यांनी हळूहळू फरक पडला. पाळी यायला लागली. कधी उशिरा, पण यायला लागली. रक्त वाढलं. जिना चढताना धाप लागायची ती थांबली. हनुवटीवरचे केस गेले नाहीत. ती ते काढते आणि आता आमच्यासमोर बसून काढते. आजार गेलेला नाही. तो राहणार आहे, माझ्या साखरेसारखाच.

*

सकाळी आम्ही दोघं धारूरच्या किल्ल्याच्या रस्त्यानं चालायला जातो. बरेच दिवस न बोलता चाललो. मग एकदा मी धीर करून बोलायला गेलो, आणि शब्द सापडेनात. ते तुझं, ते नियमित आहे का, असं काहीतरी पुटपुटलो. शीतल थांबली.

"आप्पा, म्हशीच्या मालकाला सांगता ना, तसंच सांगा मला. त्याला तरी नीट सांगता."

मला हसू आलं. मग मी बोललो. अंडाशय, गाठी, खुराक, सगळे शब्द मोठ्यानं, रिकाम्या रस्त्यावर. तिनं मध्ये दोनदा मला दुरुस्त केलं. माणसाच्या बाबतीत तसं नसतं, म्हणाली. तिनं माझ्यापेक्षा जास्त वाचलं होतं.

परतताना ती म्हणाली, "हे कुणाकडनं आलंय ते मला ठाऊक हाय. बीडच्या बाईंनी दुसऱ्या खेपेला मलाही विचारलं होतं, साखर कुणाला म्हणून. मला तुमचा राग न्हाई आला त्याचा. अंगातलं कुणी मुद्दाम देत न्हाई. पर आईला कावून सांगितलं न्हाई?"

मी चालत राहिलो.

"तुमी सांगता का मी सांगू?"

"मी सांगतो," म्हणालो.

*

सांगतो म्हणालो त्याला बरेच दिवस झाले.

शीतलचे मोडलेले सोमवार आता सुमन पहिल्यापासून करते. दोष आपल्या अंगातला, तर फेड आपण करायची, असं तिनं ठरवून टाकलंय. दिवसभर काही खात नाही, संध्याकाळी साबुदाणा खाते आणि गुडघे दाबत बसते. भावाची मुलगी लग्नाची झालीय म्हणून ती दिवाळीला माहेरी जात नाही. त्या पोरीच्या स्थळाला कुणी म्हणायला नको, आत्याच्या घरात असलं दुखणं आहे. मला ती हे सगळं सांगते आणि वर म्हणते, "तुमच्यामुळं पोरगी वाचली. तुमी ताट दिलं तिला."

मी ते ऐकून घेतो.

हे वाचणाऱ्या बापांना सांगतो. पोरीला पीसीओडी निघाला तर दोष कुणाचा ते शोधू नका, तो कुणाचाच नसतो. पण घरात साखर असेल तर ते डॉक्टरांसमोर, बायकोसमोर, बहिणीसमोर मोठ्यानं सांगा. पोरीला आधी जेवायला वाढा. तिच्या ताटात डाळ, उसळ, भाजी, अंडं पडतंय का ते स्वतः बघा. उपासाचं कुणी बोललं तर तिच्या आधी तुम्ही नाही म्हणा. शब्दांची लाज वाटत असेल तर ती गिळा. गोठ्यात वाटत नाही ना, मग घरात कशाची? माझ्यासारखं वाट बघत बसू नका. मी बघितली आणि पोर पायरीवर पडली.

शीतलचं देणं किती फिटलं ते तिनं ठरवावं. सुमनचं अजिबात फिटलेलं नाही. हा आजार तुझ्या अंगातला नव्हता, माझ्या बाजूनं आला, मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि मी खोटं बोललो, हे मी तिला आक्काच्या देखत सांगायचं देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.